सगळ्यात वाईट कोण

तुळशीरामच्या दहाव्याला कावळा शिवला नाही, आणि त्याचा दोष अर्धं गाव मला देतं. उरलेलं अर्धं गाव मला शाबासकी देतं, आणि ते जास्त टोचतं. तेव्हा काय झालं ते एकदा सरळ सांगून टाकतो.

माझं नाव जोमा. सत्तरी ओलांडली आहे. आमचं गाव नवीन पनवेलच्या सेक्टरांमध्ये असं अडकलंय, जशी दातात सुपारी अडकावी. पूर्वी आमची मिठागरं होती. आता मिठागरांवर इमारती आहेत आणि मीठ आम्ही पाकिटातलं आणतो. गावाच्या तोंडाशी एका नगरसेवकाने सिमेंटचं बाकडं बसवून दिलंय, पाठीवर स्वतःचं नाव कोरून. त्या नावाला पाठ टेकून मी आणि तुळशीराम रोज सकाळी चहा घ्यायचो, आणि ह्या देशाचा सगळ्यात वाईट पंतप्रधान कोण यावर भांडायचो.

नावं घेत नाही. आम्हीही घेत नव्हतो, उगाच कोणाच्या भावना दुखावतील म्हणून. आम्ही सालावरून बोलायचो. मी म्हणायचो, सगळ्यात वाईट शहात्तरवाले. तुळशीराम म्हणायचा, सगळ्यात वाईट एकवीसवाले. पोरं मोबाइल खिशात घालून ऐकायला उभी राहायची. मी रेशनचे दिवस काढले की तो नोटबंदीचे दिवस काढायचा. मी म्हणायचो, तेव्हा वर्तमानपत्रं कोरी निघाली. तो म्हणायचा, आता भरलेली निघतात पण वाचण्यासारखं काय असतं. मधूनच कोणी शहाणा तिसऱ्याच नेत्याचं नाव पुढे करायचा. तो नेता इतके थोडे दिवस खुर्चीवर होता की त्याला वाईट वागायला सवडच मिळाली नसेल, असं सांगून आम्ही दोघं मिळून त्या शहाण्याला पळवून लावायचो. तेवढ्यापुरतं आमचं एकमत व्हायचं.

आम्ही कोणत्याच पक्षाचे नव्हतो. पक्षवाल्यांना हे कधी कळलं नाही. त्यांना वाटायचं, हा शहात्तरला शिव्या घालतो म्हणजे एकवीसचा असणार, आणि तो उलटा. निवडणूक आली की माझ्याकडे एकाची टोपी यायची आणि त्याच्याकडे दुसऱ्याची. आम्ही त्या अदलाबदल करून उन्हात वापरायचो.

खरी गोष्ट आम्ही बाकड्यावर कधीच काढली नाही. शहात्तरमध्ये माझं काय गेलं ते मी बोलायचो नाही, एकवीसमध्ये त्याचं काय गेलं ते तो बोलायचा नाही. महागाई, रस्ते, युद्धं, भ्रष्टाचार यांच्यावर मात्र घसा बसेपर्यंत बोलायचो.

शहात्तर साली मी बाविशीत होतो. लग्नाला वर्ष झालं होतं. मी आणि तुळशीराम बैलगाडीने मीठ घेऊन पनवेलच्या बाजारात गेलो होतो. तो चहा प्यायला गेला आणि मी गाडीपाशी थांबलो. तेवढ्यात ट्रक आला आणि त्यातल्या माणसांनी दिसेल त्याला वर चढवलं. नसबंदीचा आकडा भरायचा होता. मला अजून मूल नाही, असं मी ओरडून सांगत होतो. सगळे तेच सांगतात, म्हणाले. संध्याकाळी हातात तुपाचा डबा देऊन सोडून दिलं. तुळशीराम एका कप चहामुळे सुटला.

माझ्या बायकोने, शांतीने, ते तूप नेऊन खाडीत ओतलं. डबा टाकला नाही. जाड पत्र्याचा होता, आणि आमच्या घरात तेव्हा डबे होतेच किती. त्यात ती तांदूळ ठेवायला लागली. अजून त्यातच ठेवते.

तुळशीरामला पुष्कळ वर्षांनी, नवसासायासांनी एक मुलगा झाला. दीपेश. तो अर्धा आमच्याकडेच वाढला. शाळेतून आला की दप्तर त्याच्या घरी आणि ताट आमच्या घरी. शांती त्याला माशातले काटे काढून भरवायची, तो मिशी फुटलेला बाप्या झाला तरी. तुळशीराम कधी काही बोलला नाही, पण मला कळायचं. त्या एका कपाची तो अशी परतफेड करत होता. मी बाकड्यावर शहात्तरला शिव्या घालायचो आणि तो मान डोलवायचा. तेव्हा आमच्यात वाद नव्हताच. एक बोलणारा होता आणि एक होकार देणारा.

एकवीस सालच्या एप्रिलमध्ये दीपेश गेला. लग्न ठरलं होतं त्याचं. ऑक्सिजनची टाकी मिळावी म्हणून आम्ही दोन म्हातारे भाड्याच्या टेम्पोत बसून पनवेलपासून खोपोलीपर्यंत हिंडलो. टाकी मिळाली, पण तिचा उपयोग होण्याआधीच फोन आला. प्रेत आम्हाला दिलं नाही. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून परस्पर जाळलं. नदीवर जायला बंदी होती, त्यामुळे ना दहावं झालं ना बारावं. त्याला कावळा शिवला की नाही हे वेणूला, त्याच्या आईला, कधी कळलंच नाही. ती नंतर बरेच महिने प्रत्येक कावळ्याकडे बघत राहायची.

तुळशीरामने जेवण टाकलं. बाकड्यावर यायचा, पण चहा तसाच गार व्हायचा. एक दिवस मी सवयीने शहात्तरचं सुरू केलं आणि तो एकदम म्हणाला, “नाय जोमा. शहात्तर काय नाय. सगल्यात वाईट ह्ये एकवीसवाले.”

मला राग आला. खोटं कशाला सांगू, पायापासून डोक्यापर्यंत राग आला. इतकी वर्षं मान डोलवून आता हा म्हणतो, शहात्तर काही नाही. मी त्याला उभा आडवा घेतला. त्यानेही मला सोडलं नाही. भांडता भांडता त्याने चहा संपवला आणि वर दोन खाऱ्या खाल्ल्या. वेणू दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, भावजी, काल ते जेवले. मग मी रोज भांडायला लागलो. मला दुसरं औषध ठाऊक नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मलाही त्या भांडणाने बरं वाटायचं. दोन पोरके म्हातारे होतो आम्ही, आणि पोरकेपणावर रडता येत नव्हतं, म्हणून पंतप्रधानांवर भांडत होतो.

यंदा पौषात तुळशीराम झोपेतच गेला. आदल्या सकाळचा वाद अर्धवट राहिला होता. उद्या सांगतो तुला, असं म्हणून उठला होता.

पूर्वी आमची दहावी गावच्या खाडीवर व्हायची. खाडी भरावाखाली गेली, तेव्हापासून बस करून आपट्याला पाताळगंगेवर जावं लागतं. शांती वेणूच्या घरी स्वयंपाकाला थांबली. वेणू मात्र हट्टाने घाटावर आली. दीपेश नसल्यामुळे सगळं पुतण्याने केलं. हा पुतण्या म्हणजे मितेश. प्लॉटचे व्यवहार करतो आणि सदरा बदलावा तसे पक्ष बदलतो, पण काकाला अग्नी त्याने मनापासून दिला, हे कबूल केलं पाहिजे.

आमच्याकडे दहाव्याला पुढाऱ्यांची भाषणं असतात. पिंड ठेवायच्या आधी एक पुढारी माइक घेऊन उभा राहिला आणि तुळशीराम अजातशत्रू होते, म्हणाला. मी मनात म्हटलं, मग मी कोण होतो. मला हसू आलं, आणि शेजारी तुळशीराम नाही हे तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

पिंड ठेवला. भात, तांदळाची भाकरी, त्याच्या विडीचं बंडल आणि कपभर चहा, सोबत दोन खाऱ्या. सगळे मागे सरकून उभे राहिले. कावळे भरपूर होते. समोरच्या उंबरावर ओळीने बसले होते. पण एक हलेना.

मितेश पुढे होऊन म्हणाला, काकीला मी सांभाळीन. कावळे बसून राहिले. घर विकणार नाही, म्हणाला. एक कावळा उडाला तसे सगळे पुढे झुकले. तो गेला पलीकडे, नेरे गावातल्या कोणाचं दहावं चाललं होतं त्यांच्या पिंडावर, आणि भात उचलून उडून गेला. त्यांच्याकडे माणसंही चार होती आणि भाषण तर नव्हतंच. पंधरा मिनिटांत ती मंडळी अंघोळी करून निघूनसुद्धा गेली. आम्ही उन्हात उभे.

ऊन चढलं. बसवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. लोक कुजबुजायला लागले की कशात तरी जीव अडकलाय. मग एकेक जण माझ्याकडे बघायला लागला. कोणीतरी मागून बोललाच, की ह्या दोघांचा वाद राहिलाय ना अर्धा.

मी ऐकलं नाही असं दाखवलं. पण वेणू माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “भावजी,” ती म्हणाली, “तुमी बोला. त्यांचा खरा व्हता म्हना. येकदाच म्हना.”

मी म्हटलं, वयनी, कावळ्याला राजकारण कळत नाही.

“माज्या पोराला कावला शिवला का नाय, मना ठाव नाय,” वेणू म्हणाली. “आता ह्येंचा बी तसाच ठेवू का? बाप तरी सुटू दे. तुमचा काय जाल बोलायला?”

काय जाणार. सगळे माझ्याकडे बघत होते आणि प्रत्येकाच्या तोंडावर तोच प्रश्न होता. दोन शब्द तर बोलायचे. पंतप्रधान काही माझे सोयरे नव्हते. पण मला तो ट्रक दिसत होता. मला वाटत होतं, मी हो म्हटलं तर बाजारातलं माझं ओरडणं, जे तेव्हा कोणीच ऐकलं नाही, ते आता मीही ऐकलं नाही असं होईल. आणि समोर वेणू उभी होती, पदराचं टोक मुठीत धरून. दीपेशला तिने जन्म दिला होता. मी त्याला सायकल शिकवली होती, एवढंच नव्हे, त्याच्यासाठी टाकी शोधत मीही फिरलो होतो. तिला नाही कसं म्हणू.

मी पिंडापाशी गेलो. पुढे वाकलो तर गुडघे वाजले. “तुलश्या,” मी म्हटलं, “तू जिंकलास. सगल्यात वाईट एकवीसवालेच. शहात्तर काय नाय. माजा काय नाय झाला.”

शेवटचं वाक्य मला बोलायचं नव्हतं. वाद मिटवताना माणूस हातचं राखून मिटवत नाही, पूर्ण मिटवतो, म्हणून ते तोंडातून आलं. बोललो आणि मागे सरकलो.

उंबरावरून एक कावळा खाली आला. पिंडाच्या जवळ, अगदी वीतभर अंतरावर उतरला. वेणूने माझा दंड धरला. कावळ्याने मान तिरकी करून चहाच्या कपाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं, दोन उड्या मारल्या आणि निघून गेला. मग उंबरावरचे बाकीचेही एकेक करून उडाले.

आम्ही अजून थोडा वेळ थांबलो. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि शास्त्रात याला मान्यता आहे असं सांगितलं. त्यांना पुढे अजून दोन ठिकाणी जायचं होतं. बसमध्ये वेणू खिडकीला डोकं टेकून बसली होती, आणि पनवेल येईपर्यंत तिने डोळे उघडले नाहीत. मी तिच्या मागच्या सीटवर होतो. तिला द्यायला जवळ जे होतं ते मी देऊन बसलो होतो आणि त्याने काही झालं नव्हतं.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी गिळलं असतं. पण मितेशने घाटावर सगळं मोबाइलमध्ये घेतलं होतं. आठवण म्हणून, असं तो म्हणतो, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवतो, कारण तो वाईट मुलगा नाही. फक्त त्याच्याकडे काही आलं की ते पुढे पाठवल्याशिवाय त्याला राहवत नाही. तो तेव्हा ज्या पक्षात होता त्यांना माझं बोलणं सोयीचं होतं. दुसऱ्या दिवशी गावाच्या ग्रुपवर आलं, तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या. वाकलेला मी, पुढे पिंड, खाली मोठ्या अक्षरात: शहात्तरच्या पीडिताने दिली कबुली. मागे ढोल.

पीडित हा शब्द त्यांना कुठून मिळाला, कोण जाणे. बाकड्यावर मी तो कधी वापरला नव्हता. गावातल्या जुन्या माणसांना ठाऊक होतंच, त्यांनी तोंड बंद ठेवलं होतं इतकंच. आता सगळ्या सेक्टरांना माझी नसबंदी ठाऊक झाली, आणि तिने माझं काही बिघडलं नाही, हेही माझ्याच तोंडून ठाऊक झालं.

दुसऱ्या पक्षाची पोरं घरी आली. काका, तुमच्याकडून जबरदस्तीने बोलवून घेतलं ना, आता खरं बोला, आम्ही शूट करतो, म्हणाली. मागे चांगली भिंत हवी म्हणून त्यांनी आमची खाट बाहेर काढली. मी त्यांना काठी दाखवून हाकललं. तर तेही शूट झालं, आणि दोन्ही बाजूंनी आपापल्या परीने पाठवलं.

बाकड्यावर मी दोन सकाळी जाऊन बसलो. लोक येऊन पाठ थोपटायचे. बरोबर बोललात, म्हणायचे, किंवा विकला गेला, असं मी उठल्यावर म्हणायचे. तिथे माझ्याशी भांडणारं कोणी नव्हतं. तुळशीराम असता तर म्हणाला असता, जोमा, तू खोटा बोललास, शहात्तरमध्ये तुजा सगला गेला. मला आता वाटतं, तो हेच सांगणार होता उद्या. पण हे मला वाटतं म्हणून वाटतं. त्याला विचारायची सोय नाही.

शांतीने तो व्हिडिओ पाहिलेला नाही, अशा समजुतीत मी होतो. तिच्याकडे साधा फोन आहे. पण मितेशच्या बायकोने, हेतलने, तिला तेराव्याच्या भांड्यांपाशी बसून दाखवला. कौतुकानेच दाखवला. काकी, काका बघा कसे बोलले, आमच्या वेणूकाकीसाठी.

शांती घरी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. आमच्या भांडणांत ती कधी पडली नव्हती. बाकड्यावरून मी घसा खरवडून यायचो, ती गरम पाणी द्यायची आणि विषय बदलायची. पन्नास वर्षांत तिने शहात्तरचं नाव काढलं नाही. मी समजत होतो, तिने ते तुपाबरोबर खाडीत सोडून दिलं. मला वाटायचं, सगळ्यात जास्त माझं गेलं, कारण ओरडत मी होतो.

तिने चूल, म्हणजे गॅस, पेटवला नाही. कोपऱ्यातला डबा उचलून आणला आणि माझ्यासमोर ठेवला. रंग केव्हाच गेलाय, पत्रा काळा पडलाय, कडेला गंज आहे. मी म्हटलं, वेणूसाठी बोललो गं, दीपेशसाठी बोललो. ती म्हणाली, ते ठाव हाय मना. दीपेशसाठी तुमी काय बी बोला.

मग डब्यावर हात ठेवून ती म्हणाली, “पन तुमचा काय नाय झाला, तर ह्यो डबा आपल्या घरात कशाला हाय?”

वादात मला आजवर कोणी गप्प केलं नव्हतं, तुळशीरामनेसुद्धा नाही. शांतीने झाकण काढलं, दोघांपुरते तांदूळ काढले आणि डबा परत कोपऱ्यात नेऊन ठेवला.